जिन्याखालचं दार आणि झरोके
तेलगावसारख्या गावी स्लॅबच्या घरात जिन्याखाली बऱ्याचदा इन्व्हर्टरची बॅटरी असते, आणि धूळ नको म्हणून त्या कपाटाला घट्ट दार लावतात. धोका या घट्टपणातच आहे. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते; हलका असल्याने तो तिरक्या स्लॅबखालच्या सर्वांत उंच कोपऱ्यात साठतो, आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. म्हणून दाराला खाली आणि अगदी वर झरोके हवेतच. उंदीर शिरतील, ही शंका रास्त. त्याला बारीक तारेची जाळी पुरते. गॅस सिलिंडर मात्र तिथे मुळीच नको, कारण गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. चौकट बाजूच्या भिंतींना बसवा. जिन्याच्या स्लॅबला खालून भोकं पाडू नका. भार पेलणाऱ्या सळया तिथे साधारण २० मिलिमीटरवरच असतात.