ग्रंथकाराच्या प्रतिनिधीचा पाडवा-संकल्प

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी दारी गुढी उभी राहते, निंबाचा प्रसाद घेतला जातो, पंचांगातील वर्षफल श्रवण केले जाते आणि नव्या कार्याचा श्रीगणेशा होतो. व्यापारी असो, वैद्य असो वा विद्यार्थी, ज्याचा त्याचा काही संकल्प असतोच. आज आपण अशा एका व्यावसायिकाच्या संकल्पाचा विचार करू, ज्याच्या व्यवसायाचे नावही आपल्या पुष्कळ घरांत कोणी ऐकले नसेल.

हा व्यावसायिक म्हणजे ग्रंथकाराचा प्रतिनिधी, अर्थात लिटररी एजंट. तो स्वतः ग्रंथ लिहीत नाही आणि छापीतही नाही. लेखकाचे हस्तलिखित योग्य प्रकाशकाकडे नेणे, कराराच्या अटी ठरविणे, आलेला पैसा लेखकाच्या हाती पोचविणे हे त्याचे काम. आणि लेखकाला जे मिळेल त्यातील ठरलेला हिस्सा ही त्याची कमाई. लेखकाला काही मिळाले नाही, तर त्यालाही काही नाही.

या व्यवसायाचा उगम लंडनचा. अलेक्झांडर पोलॉक वॉट या स्कॉटिश गृहस्थांनी १८७५ च्या सुमारास, जॉर्ज मॅकडोनल्ड या कादंबरीकार मित्राच्या कथा प्रकाशकांना विकून देण्यापासून या कामास आरंभ केला. मोबदला शेकडा १०. पुढे आर्थर कॉनन डॉइल आणि आपल्या मुंबईतच जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांच्यासारखे लेखक त्यांच्याकडे आले. प्रकाशकांना हा मध्यस्थ अर्थातच रुचला नाही. विल्यम हाइनमन या प्रकाशकांनी १८९३ साली त्याची गणना परोपजीवींत केली. तरीही हा व्यवसाय टिकला, वाढला, आणि आज ब्रिटनमध्ये हा हिस्सा सामान्यतः शेकडा १५ झाला आहे.

आपल्याकडे लेखक आणि प्रकाशक यांचा संबंध बहुधा घरोब्याचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांची परंपरा चालत आली. संपादकाने पत्र धाडावे, लेखकाने कथा पाठवावी, आणि पुढे तिचेच पुस्तक व्हावे, अशी ही रीत. तिच्यात गोडवा आहे यात शंका नाही. परंतु शब्दावर चाललेला व्यवहार शब्द देणारे दोघे असेपर्यंतच चालतो. ते गेले की मागच्यांच्या हाती ना शब्द उरतो, ना कागद. म्हणूनच मराठी लेखकाच्या वतीने उभा राहणारा प्रतिनिधी आज पाडव्याला काय योजील, हा प्रश्न केवळ त्याच्या पोटापाण्याचा राहत नाही.

त्याचा पहिला संकल्प निंबाच्या प्रसादातूनच यावा. कोवळी पाने, मिरे, हिंग, मीठ, ओवा, चिंच आणि गूळ असा तो प्रसाद. वर्षाची पहिली चव कडूच. लेखकाला खरे सांगणे हे प्रतिनिधीचे कडू काम आहे. हाती आलेले हस्तलिखित महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचे आणि विचारणा झाली की ‘पाहतो, कळवितो’ म्हणायचे, हे सौजन्य नव्हे. ठरल्या मुदतीत वाचावे, न जमल्यास स्पष्ट कळवावे, आणि उणीव दाखविताना तिच्याबरोबर गुळाचा खडाही द्यावा. आणखी एक पथ्य आहे. नामांकित प्रतिनिधी हस्तलिखित वाचण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेत नाहीत. ‘आधी पैसे भरा, मग प्रकाशक मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून नवोदिताने दूरच राहावे.

दुसरा संकल्प कराराचा. पूजेला बसल्यावर आपण संकल्प सोडतो, तेव्हा गुरुजी आधी देशकालाचा उच्चार करवितात. कोणत्या स्थळी, कोणत्या संवत्सरी, कोणत्या तिथीस आणि कोणासाठी हे कर्म, हे सांगितल्यावाचून संकल्प पुरा होत नाही. प्रकाशनाच्या करारालाही हाच नियम लागू आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की हक्क दुसऱ्याच्या नावे करावयाचे, तर ते लेखी व सही करूनच. १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या करारांना आणखी बंधने आली. कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते, हे त्यात लिहिले पाहिजे. काळ लिहिला नसेल, तर तो ५ वर्षांचा मानला जातो. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात निराळे काही ठरले नसल्यास ते हक्क लोप पावतात. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने असेही ठरविले की जे माध्यम कराराच्या वेळी अस्तित्वातच नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क दिले गेले असे समजू नये. सही करण्यापूर्वी लेखकाजवळ बसून यातील कलम न्‌ कलम सोप्या मराठीत समजावून देईन, हा प्रतिनिधीचा नियम असावा.

तिसरा संकल्प हिशेबाचा. पंचांगात राशीराशीचे आय-व्यय दिलेले असतात, आणि पाडवा येतो तोही आर्थिक वर्षाच्या अखेरीच्या आसपास. प्रकाशकाकडून येणारी रक्कम रीतीप्रमाणे प्रथम प्रतिनिधीच्या हाती पडते. आपला हिस्सा वळता करून उरलेली तो लेखकाला देतो. म्हणजे त्याच्या पेटीतला बहुतेक पैसा दुसऱ्याचा असतो. हा पैसा अनामत समजून वेळेवर आणि हिशेबाच्या कागदासह पोचता करणे, यातच त्याची पत आहे.

मात्र हिशेबालाही माणुसकी असते. लंडनच्या जेम्स पिंकर यांनी १८९६ साली हा व्यवसाय सुरू केला. पोलंडमध्ये वाढून इंग्रजीत लिहिणारे जोसेफ कॉनरॅड हे त्यांचे लेखक. पुस्तके खपत नव्हती, घरात आजारपण होते, आणि पिंकर वर्षानुवर्षे आगाऊ रकमा देत राहिले. हे देणे दीड हजार पौंडांच्या वर गेले. १९१० च्या आरंभी दोघांत कडाक्याचे भांडण झाले, आणि त्यापाठोपाठ कॉनरॅड अंथरुणाला खिळले. परंतु संबंध तुटला नाही. पुढे ‘चान्स’ या कादंबरीला मोठे यश मिळाले, कॉनरॅडना बरे दिवस आले, आणि १९२२ साली पिंकर वारले तोवर दोघांचा स्नेह पुन्हा जुळलेला होता. आज खपत नसलेल्या लेखकावर विश्वास ठेवणे हेही या व्यवसायाचे भांडवल आहे. वर्षातून निदान एका तरी अशा लेखकाचा भार घेईन, असे प्रतिनिधीने ठरवावे.

चौथा संकल्प मराठीला वेशीबाहेर नेण्याचा. ऑक्टोबरातील फ्रँकफर्ट आणि वसंत ऋतूतील लंडन येथील ग्रंथमेळ्यांत अनुवादाच्या हक्कांचे सौदे होतात. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला २०२२ साली, आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ साली, इंग्रजी अनुवादासाठी आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक लाभले. त्याचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट. तथापि दया पवार यांचे १९७८ चे ‘बलुतं’ इंग्रजीत यावयास २०१५ उजाडावे लागले, हेही विसरता येत नाही. चांगला अनुवादक शोधणे, नमुन्याची प्रकरणे करवून घेणे आणि अनुवादकाचा वाटा आधीच लेखी ठरविणे, ही कामे कोणीतरी अंगावर घेतल्यावाचून हे अंतर कमी होणार नाही.

शेवटचा संकल्प लेखकाच्या पश्चात उरणाऱ्या घरासाठी. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांचा ग्रंथावर हक्क असतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या ग्रंथांची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती १० वर्षांनी वाढविण्यात आली. ६० वर्षे म्हणजे दोन पिढ्या. आजोबांची कथा पाठ्यपुस्तकात घेतली गेली, तिच्यावर चित्रपट निघाला, तर अनुमती कोणी द्यावयाची आणि मोबदला कोणाला मिळावयाचा, हे नातवंडांना कोठून ठाऊक असणार? म्हणून आपल्या प्रत्येक लेखकाच्या करारांची एक नोंदवही करून तिची एक प्रत त्याच्या घरी ठेवावी. प्रतिनिधीचे नाव पुस्तकावर छापले जात नाही. परंतु पुढच्या पिढीला त्याच्या कामाची ओळख या वहीवरून पटेल.

वाचकहो, हा संकल्प एका अपरिचित व्यवसायाचा खरा, तरी त्याचा एक भाग आपल्याही हाती आहे. आपल्या घरात कोणी लिहिणारे होऊन गेले असतील, तर त्यांची ट्रंक किंवा फडताळातले गाठोडे आज सोडून पाहा. जुनी पत्रे, करारनामे, मानधनाच्या पावत्या सापडतील. त्या वर्षवार लावून एका जागी ठेवा. आणि कोणी आज लिहीत असेल, तर त्याच्या करारावर देश आणि काळ लिहिला आहे की नाही, एवढे त्याला विचारा. सायंकाळी गुढी उतरविण्यापूर्वी एवढे काम सहज होईल.