शिकवायला परदेशी निघालात? आधी शिकायला बसा

मी हावड्याहून बोलतोय. मला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आज घेऊ : "शहरातली नोकरी सोडून परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय. जमेल का?" जमू शकतं. पण त्यासाठी काय लागतं, ते आमच्या गंगाकाठच्या एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. फक्त इथे प्रवास उलट्या दिशेने झाला. शिक्षिका लंडनहून इकडे आल्या.

त्या म्हणजे मार्गारेट नोबल, आपल्या भगिनी निवेदिता. पुण्यात त्यांच्या नावाची महिलांनी चालवलेली सहकारी बँक आहे, त्यामुळे नाव ओळखीचं असेल. जन्म १८६७ चा, आयर्लंडमधला. लंडनच्या विम्बल्डन भागात त्यांची स्वतःची शाळा होती. मुलांना खेळातून, चित्रांतून शिकवायची फ्रोबेलची पद्धत त्या वापरत. म्हणजे हाताला काम नव्हतं म्हणून त्या निघाल्या, असं नाही.

पहिली गोष्ट : अडचणी आधी ऐकून घ्या. भारतात येऊन काम करायचं त्यांच्या मनात होतं. २९ जुलै १८९७ च्या पत्रात स्वामी विवेकानंदांनी त्यांना सगळं स्पष्ट लिहिलं. इथली गरिबी, जातीपाती, उकाडा. शहराबाहेर युरोपियन सुखसोयी मिळणार नाहीत. गोरे लोक तुम्हाला विक्षिप्त समजतील. उडी घेण्याआधी नीट विचार करा, असं सांगितलं आणि आलात तर शेवटपर्यंत पाठीशी राहीन, असा शब्दही दिला. तुम्हालाही असा माणूस शोधायला हवा. एजंट गोड बोलतो. तिथे राहिलेला माणूस खरं सांगतो.

दुसरी गोष्ट : आधी विद्यार्थी व्हा. २८ जानेवारी १८९८ ला त्या कोलकात्यात उतरल्या. शाळा उघडली १३ नोव्हेंबरला, बागबाजारच्या बोसपाडा लेनमध्ये, शारदादेवींच्या हस्ते. मधले साडेनऊ महिने? त्या शिकत होत्या. आमच्या हावड्यातल्या बेलूरला नदीकाठच्या जुन्या घरात राहून विवेकानंदांकडून हा देश समजून घेत होत्या. बंगाली शिकत होत्या. उत्तर भारतात, काश्मीरपर्यंत फिरून आल्या.

एक बारकावा लक्षात घ्या. कोलकाता तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होतं. त्यांना साहेबांच्या वस्तीत आरामात राहता आलं असतं. त्या राहिल्या सनातनी हिंदूंच्या गल्लीत. शाळेत मुलींना चित्रकला, मातीकाम, शिवण शिकवलं, तेही मुलींच्याच भाषेतून. पद्धत त्यांनी सोबत आणली, पण भाषा इथली घेतली. परदेशात इंग्रजी शिकवतानाही हेच लागतं. समोरचं मूल घरी काय बोलतं, कुठे अडतं, हे कळल्याशिवाय तुमचं उत्तम इंग्रजी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तिसरी गोष्ट : पैसा. ध्येय कितीही मोठं असो, भाडं भरावंच लागतं. शाळेसाठी पैसा उभा करायला त्या जून १८९९ मध्ये पुन्हा पश्चिमेला गेल्या. शाळा बंद पडली. १९०२ मध्ये परतल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि अमेरिकेहून आलेल्या भगिनी क्रिस्टीन यांनी रोजच्या वर्गांचा मोठा भार उचलला. तेव्हा निघण्याआधी निदान काही महिन्यांचा खर्च आणि परतीचं तिकीट बाजूला ठेवा.

चौथी गोष्ट : कागदपत्रं. ही आजची अडचण. उदाहरणार्थ दक्षिण कोरिया. तिथे इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः ७ देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, आधी पासपोर्ट पाहिला जातो. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे शाळांत सहायक शिक्षक होण्याची एक वाट भारतीयांनाही आहे, पण त्यासाठी पदवी आणि शिक्षक म्हणून पात्रता लागते. नियम बदलत राहतात, म्हणून राजीनामा देण्याआधी त्या देशाच्या दूतावासाकडूनच खात्री करून घ्या.

निवेदितांची शाळा आजही कोलकात्यात सुरू आहे. जायचं असेल तर जरूर जा. पण शहराला कंटाळून निघालेला माणूस तिथेही लवकरच कंटाळतो. शिकायची भूक असलेला टिकतो. आज त्या देशाच्या भाषेतली दहा वाक्यं शिकायला घ्या. त्यात मन रमलं, तर पुढचं बोलू.