सौरघट निळा का दिसतो?

काही वर्षांपूर्वी शेजारच्या शाळेतील नववीचा वर्ग आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवरील सौरविजेची पॅनेले पाहायला आला होता. काही पॅनेले जुनी होती, ती निळी. नवी मात्र काळी. एका मुलीने विचारले, “सर, काळा रंग सर्वांत जास्त प्रकाश शोषतो ना? मग ही निळी का केली?” मी चटकन सांगून टाकले, “सिलिकॉनचा रंगच तसा असतो.” वर्ग पुढे गेला, पण घरी परतताना माझी चूक माझ्या ध्यानात आली. शुद्ध सिलिकॉन करड्या रंगाचे आणि आरशासारखे चकचकीत असते. ते निळेही नसते आणि काळेही नसते! त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आज येथे देत आहे.

चकाकी म्हणजे तोटा

सौरघटाला प्रकाशाची वीज करायची असते. म्हणून प्रकाश आधी आत शिरला पाहिजे. तो किती परत फिरतो, हे एका सोप्या सूत्राने काढता येते. हवेतून सरळ येणाऱ्या प्रकाशासाठी पदार्थाच्या अपवर्तनांकातून १ वजा करा, त्या उत्तराला अपवर्तनांक अधिक १ ने भागा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा. नारिंगी प्रकाशासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे ४ आहे. म्हणजे ३ भागिले ५, त्याचा वर्ग ९ भागिले २५, अर्थात ३६ टक्के. एक तृतीयांशाहून अधिक प्रकाश दारातूनच परत! शेतकऱ्याने पंपासाठी तीन पॅनेले घ्यावीत आणि त्यांतले एक उन्हात नुसते चमकत राहावे, असा हा प्रकार झाला.

पाव तरंगाची युक्ती

यावर उपाय म्हणून सिलिकॉनवर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ थर देतात. त्याचा अपवर्तनांक सुमारे २, म्हणजे १ आणि ४ यांचा भूमितीमध्य. थराची जाडी सुमारे ७५ नॅनोमीटर ठेवतात. हाच आकडा का?

प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, तर काही भाग थरातून खाली जाऊन सिलिकॉनवरून परततो. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीचा नारिंगी प्रकाश थरात शिरला की त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ३०० नॅनोमीटर होते. तिचा पाव भाग ७५. जाऊन-येऊन दुसरा किरण अर्धी तरंगलांबी जास्त चालतो. त्यामुळे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि दोघे एकमेकांना नाहीसे करतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. मग ऊर्जा गेली कोठे? ती नष्ट होत नाही. परतीची वाट बंद झाल्यामुळे ती सिलिकॉनमध्येच शिरते.

निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी असल्यामुळे त्याच्यासाठी हे माप बरोबर बसत नाही. त्याचा थोडा भाग परत येतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. तेव्हा पॅनेलचा निळेपणा हा कोणी दिलेला रंग नव्हे. वाया गेलेल्या थोड्याशा प्रकाशाची ती खूण आहे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तेल सांडले की रंगीत पट्टे दिसतात, त्यांचे कारणही हेच.

काळी पॅनेले

नव्या पॅनेलांतील प्रत्येक घट सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून कापलेला असतो. त्याचा पृष्ठभाग अल्कलीच्या द्रावणाने खरवडला, तर त्यावर काही मायक्रोमीटर उंचीचे असंख्य पिरॅमिड तयार होतात. एका पिरॅमिडावरून उसळलेला किरण शेजारच्या पिरॅमिडावर आदळतो आणि त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. ३६ टक्क्यांचे ३६ टक्के म्हणजे ढोबळमानाने १३ टक्केच उरतात. त्यावर पातळ थर दिला की तोटा आणखी घटतो आणि घट जवळजवळ काळा दिसतो. जुने निळे घट अनेक लहानमोठ्या स्फटिकांचे असत. प्रत्येक स्फटिकाचे तोंड वेगळ्या दिशेला असल्यामुळे तेथे असे पिरॅमिड सर्वत्र सारखे तयार होत नसत.

या पिरॅमिडांचा दुसराही उपयोग आहे. अवरक्त प्रकाश सिलिकॉनमध्ये सहज शोषला जात नाही. पातळ चकतीतून तो आरपार निघून जातो. पिरॅमिडांमुळे किरण तिरपा होतो आणि आतल्या आत पुन:पुन्हा परावर्तित होत राहतो. १९८२ साली एली याब्लोनोविच यांनी दाखवून दिले की, अशा रीतीने प्रकाशाची वाट अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपटीपर्यंत वाढवता येते. सिलिकॉनसाठी ही वाढ सुमारे ५० पट भरते.

मर्यादा आणि पुढची वाट

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. आज उत्तम सिलिकॉन घटाची कार्यक्षमता २६ टक्क्यांहून अधिक आहे. पण सर्व प्रकाश आत घेतला, तरी सगळ्याची वीज होत नाही. सुमारे ११०० नॅनोमीटरहून लांब तरंगांच्या फोटॉनमध्ये इलेक्ट्रॉनला मोकळे करण्याइतकी ऊर्जा नसते. निळ्या फोटॉनजवळ ती गरजेपेक्षा जास्त असते, पण वरची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणूनच एकाच पदार्थाच्या साध्या घटाला सुमारे ३३ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही, हे शॉकली आणि क्वाइसर यांनी १९६१ साली मांडलेल्या गणितावरून कळते. यावर तोड म्हणजे दोन पदार्थांत काम वाटून देणे: वरच्या पेरोव्स्काइटने निळा-हिरवा प्रकाश घ्यावा आणि खालच्या सिलिकॉनने तांबडा व अवरक्त. अशा जोडघटाने २०२३ साली ३३.९ टक्के कार्यक्षमता गाठली.

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री खोलीत दिवा लावून खिडकीच्या बंद काचेत पाहा. तुमचा चेहरा दिसेल. काचेचा अपवर्तनांक १.५ धरून वरचे सूत्र वापरा आणि एका पृष्ठभागावरून किती टक्के प्रकाश परततो ते काढा. पॅनेलवरही अशीच काच असते. मग तिच्यावर कसला थर द्यावा? त्याचा अपवर्तनांक किती असावा? या वेळी मी घाईने उत्तर देणार नाही. ते तुम्हीच शोधा.