तेच पुस्तक, तीच चित्रं… तरी लहान मुलांना रोज तेच का हवं असतं?

तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन मंडईत गेलं की भाजी घ्यायला दुप्पट वेळ लागतो. मोठ्यांना मेथीची जुडी आणि तिचा भाव दिसतो. पोराला वांग्यांचा ढीग, तराजू, पोत्यावर झोपलेलं मांजर, मंडईच्या उंच मनोऱ्यावरची कबुतरं असं सगळं एकदमच दिसतं. आणि प्रत्येकाकडे बोट दाखवून एकच प्रश्न, "ते काय?"

चित्रांचं पुस्तकही मुलं अशीच वाचतात. म्हणून तर ज्या पुस्तकाला आईबाबा तिसऱ्या रात्री कंटाळतात, तेच पुस्तक पोर तिसाव्या रात्रीही घेऊन येतं. मध्येच एखादं पान गाळून पुढे जायला बघितलं तर चोरी लगेच पकडली जाते, ते वेगळंच.

मंडईपासून चालत निघालं तर थोड्याच वेळात अप्पा बळवंत चौक लागतो. पुस्तकांची ही पुण्यातली जुनी पेठ. इथे येणारे बरेच पालक चित्रपुस्तक हातात घेतात, चाळतात आणि "पानावर दोनच ओळी, एवढे पैसे कशाचे?" म्हणून खाली ठेवतात. मग अंकलिपी घेतली जाते.

अंकलिपीत वाईट काहीच नाही. तिचं घराणं तर फार जुनं आहे. कोमेनियस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये 'ऑर्बिस पिक्टस' हे पुस्तक काढलं. मुलांसाठीच्या अगदी सुरुवातीच्या सचित्र पुस्तकांत त्याचं नाव घेतलं जातं. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आणि सोबत त्यांची नावं. आपला 'ग गणपतीचा' त्याच वाटेवरचा. पण तिथे अक्षर शिकवून झालं की चित्राचं काम संपतं. गोष्टीच्या पुस्तकात ते तिथून सुरू होतं.

कसं, ते एका कोंबडीकडून समजून घेऊ.

पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' हे पुस्तक १९६८ चं. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारून जेवायच्या वेळेला घरी येते, एवढीच गोष्ट. अख्ख्या पुस्तकात इंग्रजी शब्द ३२. पण चित्रांत रोझीच्या मागे एक कोल्हा लागलाय. तो झेप घेतो आणि दाताळ्यावर पडतो, मग तळ्यात पडतो, मग त्याच्या डोक्यावर पिठाचं पोतं रिकामं होतं. या कोल्ह्याबद्दल मजकुरात एक अक्षरही नाही. रोझीलाही त्याचा पत्ता नाही.

म्हणजे होतं काय? मोठं माणूस ओळी वाचत राहतं आणि कोल्हा सापडतो मांडीवरच्या पोराला. ज्याला वाचता येत नाही, त्याला इथे जास्त कळतं. दिवसभर कधी जेवायचं, काय घालायचं, कधी झोपायचं हे दुसरेच ठरवत असतात. या पुस्तकात पुढे काय होणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, आणि पान उलटणंही त्याच्याच हातात. दहाव्यांदा वाचताना कोल्हा पडणार हे माहीत असतं, म्हणूनच तर ते पान यायच्या आधी खुदखुदायला लागतं.

या हट्टाचा फायदाही आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. लक्षात जास्त राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या.

मराठीत अशी पुस्तकं होती का? होती, आणि काही तर थेट मॉस्कोहून यायची. सोव्हिएत प्रकाशनांची मराठीत भाषांतरित झालेली रंगीत पुस्तकं इथे स्वस्तात मिळत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हा ओघ आटला. ती पुस्तकं वाचून मोठे झालेले वाचक पुढे जुन्या प्रती शोधत, स्कॅन करत बसले. त्यावर माहितीपटही निघाला.

इथल्या मातीतलं नाव घ्यायचं तर माधुरी पुरंदरे यांचं. पिकासोचं मराठी चरित्र लिहिणाऱ्या या लेखिकेने दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठीही स्वतः लिहून स्वतः चित्रं काढली. 'राधाचं घर'मध्ये राक्षस नाही, परी नाही. राधा आणि तिच्या घरातली माणसं, बस्स. 'चित्रवाचन' या पुस्तकाच्या तर नावातच सगळं आलं. चित्र नुसतं बघायचं नाही, वाचायचं. ही पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. पुरंदरेंना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

प्रश्न भाषेचाही आहे. आज अनेक घरांत पहिलं पुस्तक येतं ते जाड पुठ्ठ्याचं, इंग्रजी. पोराला 'स्क्विरल' येतं, खार येत नाही. मंडईत चाकवत, अंबाडी, घोसाळी, पडवळ समोर रचलेलं असतं आणि त्याच्यासाठी ते सगळं 'व्हेजिटेबल' असतं. बोट दाखवून "ते काय?" विचारायचं वय दोन-तीन वर्षांत सरतं. तेवढ्यात मराठी नाव कानावर पडलं नाही, तर ते नंतर पाठ करावं लागतं.

पैशांची अडचण असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर २०१५ पासून सचित्र गोष्टी मोफत मिळतात, मराठीतही. मोबाइल मात्र पोराच्या हातात देऊन उठायचं नाही, शेजारी बसायचं.

आणि वाचताना बोट अक्षरांवरून जरा काढा. "हा कोण?" याऐवजी "इथे काय चाललंय?" असं विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबा. पोराने पानं उलटी मागे नेली तर नेऊ द्या. मागच्या पानावर त्याचं काहीतरी बघायचं राहिलेलं असतं.