खरजुले कुत्रे हाकलू नका, बरे करा

चाळीच्या जिन्याखाली, वस्तीच्या नाक्यावर किंवा गावाकडच्या अंगणात एखादे तरी कुत्रे आपल्या घराला लळा लावून असते. मुले त्याला आपल्या घासातला घास देतात, रात्री ते राखण करते. पण त्याचे केस गळू लागले, ते दिवसरात्र खाजवू लागले, की तेच कुत्रे सर्वांना नकोसे होते. कोणी दगड मारतो, कोणी पोत्यात घालून लांब सोडून येतो. वास्तविक कुत्र्याचे बहुतेक त्वचारोग औषधाने बरे होतात किंवा आटोक्यात राहतात. मात्र रोगाचे कारण वेगळे तसे औषधही वेगळे. हे ओळखायचे कसे, ते पाहू.

खरूज

ही अगदी बारीक किड्यामुळे होते. हा कीडा डोळ्यांना दिसत नाही, तो कातडीत बोगदा करून अंडी घालतो. सुरुवात बहुधा कानाच्या कडा, कोपरे, मागच्या पायाचे सांधे आणि पोट येथून होते. खाज इतकी की कुत्र्याला झोप लागत नाही. कानाची कड बोटांनी चोळली की बरीच खरजुली कुत्री मागचा पाय खाजवल्यासारखा हलवू लागतात. ही खरूज एका कुत्र्याची दुसऱ्याला झपाट्याने लागते.

टक्कल पडणे

पिल्लांच्या डोळ्यांभोवती, तोंडाजवळ, पुढच्या पायांवर केस जाऊन चट्टे पडतात, पण सुरुवातीला खाज फारशी नसते. हा दुसऱ्या जातीचा कीडा. तो आईच्या अंगावरून दूध पिताना पिल्लाकडे येतो, माणसाला लागत नाही. एखाददुसरा चट्टा पुष्कळदा आपोआप भरतो. चट्टे अंगभर पसरले तर मात्र उपचार हवाच.

गजकर्ण

ही बुरशी आहे. गोलसर चट्टा, तुटके केस, कोंड्यासारखे पापुद्रे ही तिची खूण. ती माणसाला, विशेषतः लहान मुलांना, लागते. गळलेल्या केसांतून तिचे बीज घरात कित्येक महिने टिकते. म्हणून कुत्र्याचे अंथरूण धुणे, केस झाडून टाकणे आणि फरशी पुसणे हाही औषधाचाच भाग समजावा.

पुळ्या आणि वास

पोटावर, मांडीच्या आत पुवाच्या पुळ्या येतात. त्या फुटल्या की गोल खपली उरते आणि लोक तिला गजकर्ण समजतात. हे जंतूंचे काम. कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत चिकटपणा व आंबूस वास असेल तर एक प्रकारची बुरशी वाढलेली असते. पावसाळी दमट हवेत ती बळावते. हे दोन्ही रोग सहसा दुसऱ्या कशाच्या तरी मागून येतात. पिसवा, गोचीड, खरूज किंवा एखाद्या गोष्टीचे वावडे हे मूळ कारण शोधले नाही तर औषध थांबताच रोग परत येतो.

हे करू नका

गाडीचे जळके तेल, रॉकेल, फिनेल किंवा शेतातले कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नका. कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते, कातडीही भाजते. मेडिकलमधून आणलेले माणसाचे तीन-चार औषधांचे मिश्र मलम लावू नका. त्याने खाज दबते, पण बुरशी व किडे वाढत राहतात. जनावरांचे जंताचे इंजेक्शन अंदाजाने टोचू नका. काही जातींच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतते.

हे करा

पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गावाकडे सरकारी दवाखाने आहेत. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. डॉक्टर कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साध्या तपासणीत पुष्कळ उलगडा होतो. 2013 नंतर बाजारात आलेल्या काही गोळ्या दोन्ही प्रकारच्या किड्यांवर आणि पिसवा-गोचिडांवरही चालतात. त्या वजनाप्रमाणे द्यायच्या असतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. कुत्र्याला फिट येत असेल तर ते आधी सांगावे. औषधी शाम्पू दिला असेल तर फेस दहा मिनिटे अंगावर ठेवून मग धुवावा. लगेच धुतला तर फायदा होत नाही. खपल्या गेल्या म्हणून औषध मध्येच सोडू नये. सांगितलेले दिवस पुरे करावेत. घरात दोन कुत्री असतील आणि एकाला खरूज असेल तर उपचार दोघांवर करावा.

घरातल्यांसाठी

कुत्र्याच्या खरजेने माणसाच्या हातावर, पोटावर पुरळ येऊन खाज सुटते. पण तो कीडा माणसाच्या अंगावर वाढू शकत नाही. कुत्रे बरे झाले की ही खाजही जाते. मात्र घरातल्या सगळ्यांनाच रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज येत असेल तर ती बहुधा माणसाची खरूज. त्यात कुत्र्याचा दोष नाही. तेव्हा सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा. मुलांच्या अंगावर गोल चट्टा दिसला तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्यावे. कुत्रे बरे होईपर्यंत मुलांना त्याच्याजवळ झोपू देऊ नये, हात लावल्यावर साबणाने धुवावेत.

कुत्रे दूर सोडून आले तर त्याची खरूज तिथल्या कुत्र्यांत पसरते आणि घरात पडलेले गजकर्णाचे बीज घरातच राहते. एक दुपार काढून त्याला दवाखान्यात न्यावे, यातच त्याचे आणि आपल्या मुलांचे हित आहे.