गाठ आणि घाई

महिनाअखेर दवाखान्याची पाटी उतरवतोय. आवराआवर करताना एक फाइल मात्र मनातून जात नाही. दोन महिन्यांपूर्वी आठव्या आठवड्यातली पोर आली होती, सासूचा हात घट्ट धरून. उजव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची गाठ, रक्तात कॅन्सरची खूण मानलं जाणारं सीए-१२५ वाढलेलं. "कॅन्सर आहे म्हणे?" सासूने कुजबुजत विचारलं. अहो, दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यांत हा आकडा तसाही चढतो. तपासणी लिहिली कोणी? कोणीच नाही, पॅकेजमध्ये होती.

आम्ही शिकलो तेव्हा बोटं हेच मशीन. "बाजूला काहीतरी लागतंय", झालं निदान. ग्लासगोच्या इयान डोनाल्डने १९५८ मध्येच ध्वनिलहरींनी पोटातल्या गाठी दाखवल्या होत्या. असाध्य कॅन्सर समजलेल्या एका बाईची गाठ अंडाशयाची, निरुपद्रवी निघाली. आमच्या तालुक्यात ते यंत्र यायला १९९१ उजाडलं.

ते दशक माझं. अंधारी खोली, स्टॅबिलायझरची घरघर, बाहेर बाकावर लघवी तुंबवून बसलेल्या बाया. १९९४ च्या पावसाळ्यात पाचव्या महिन्यातली एक बाई जीपमधून आणली. उलट्या, उजवीकडे थांबून थांबून कळा. ज्येष्ठ सर्जन म्हणाले, अपेंडिक्स. मी प्रोब ठेवला. गर्भाशयाशेजारी नारळाएवढा गोळा, आत पांढरंशुभ्र ढेकूळ, त्यामागे काळी सावली. डरमॉइड, पीळ पडलेला. पोट उघडलं तर अंडाशय काळंनिळं, आत केसांचा पुंजका आणि लोण्यासारखी चरबी. बाई नऊ महिने भरून बाळंत झाली. पुढे सर्जनसाहेबांनी परिषदेत ते निदान स्वतःचं म्हणून सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत होतो.

नंतरची वर्षं फॉर्म एफ भरण्यात गेली. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा हवाच होता. आमच्याच भाईबंदांनी त्या प्रोबचं काय केलं ते जगजाहीर आहे. रंगीत डॉपलर आलं. २००८ मध्ये अंडाशयाच्या गाठी ओळखायचे आयोटा या संशोधक गटाचे सोपे नियम आले: एकच कप्पा, रक्तप्रवाह नाही, तर गाठ साधी. इतकं स्वच्छ दिसायला लागलं आणि आमचा धीरच सुटला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या दिवसांतली गाठ म्हणजे बहुतेकदा कॉर्पस ल्युटियम, वार कामाला लागेपर्यंत गर्भ सांभाळणारी पिशवी. चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत आपोआप जिरते. पीळ पडला तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच दिवशी टेबलावर. पण रिपोर्टखाली 'काही आठवड्यांनी पुन्हा पाहू' लिहायला हल्ली कोणी धजत नाही.

त्या पोरीला शुक्रवारी सोळावा आठवडा लागतोय. तोवर पाटीला हात लावू नकोस, असं कंपाउंडरला बजावलंय.