रेकारेदो: साखरेविना स्पार्कलिंग वाईन

बार्सिलोनाजवळच्या सान्त सादुर्नी दानोया गावात माता घराण्याची ही वायनरी १९२४ पासून सुरू आहे. संस्थापकांनी तिला वडिलांचं नाव दिलं.

स्पार्कलिंग वाईनचं दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीतच होतं आणि यीस्टचा गाळ उलट्या ठेवलेल्या बाटलीच्या गळ्याशी जमतो. बहुतेक ठिकाणी गळा गोठवून हा गाळ यंत्राने काढतात. इथे मात्र कारागीर प्रत्येक बाटली हाताने उघडतो. वायूच्या दाबाने गाळ बाहेर उडतो. वाईन वाया जाऊ नये म्हणून बाटली क्षणात सरळ करावी लागते. हे कसब पाहण्यासारखं आहे! शेवटी साखर अजिबात घालत नाहीत, त्यामुळे द्राक्षातली उणीव झाकताच येत नाही.

‘तुरो देन मोता’ ही त्यांची खास वाईन १९४० मध्ये लावलेल्या शारेल्लो जातीच्या द्राक्षवेलींची. २०१९ मध्ये ‘कावा’ हे स्पॅनिश स्पार्कलिंग वाईनचं भौगोलिक मानांकन सोडून हे घराणं ‘कोर्पिनात’ या उत्पादकांच्या गटात गेलं.